शेंदरी दगड दिसला की डावीकडे

महेंद्र भिंगारदिवे याला कुणी वाट विचारताना पाहिलेलं नाही. राहुरीच्या पाटबंधारे कचेरीत कारकून असलेला हा माणूस सुट्टी मिळाली की डोंगर तुडवायचा, वाट चुकायचा, करवंदीच्या जाळीत पोटऱ्या ओरबाडून घ्यायचा. पण समोरून मोळी घेऊन माणूस आला तरी याच्या तोंडाला कुलूप. डोंगर फिरणाऱ्या त्याच्या मंडळातले लोक हसायचे. हसणाऱ्यांना काय जातं!

लहानपणी तो वडिलांबरोबर तिसगावाहून पाहुण्यांच्या गावाला चालत निघाला होता. मधल्या एका गावाच्या वेशीशी बन्सीनं, म्हणजे वडिलांनी, वाट विचारली. पारावरच्या माणसानं वाट सांगायच्या आधी विचारलं, "कोनाचे रं तुमी?" बन्सीनं खरं ते सांगितलं. "मंग गावातनं नगं. वढ्यानं जावा." ओढ्यात चिखल होता, आणि आईनं धुऊन दिलेला सदरा महेंद्रच्या अंगात होता. त्यानंतर बन्सीनं कुणाला वाट विचारली नाही, आणि पोरानंही नाही.

अशा माणसाची गाठ पडावी ती चांदभाईंशी! चांदभाईंचं नगरला झेंडीगेटात ताडपत्री शिवायचं दुकान. मंडळातल्या सगळ्यांच्या सॅक त्यांच्याच मशीनवर शिवलेल्या. हे मंडळ दोघांनी मिळून उभं केलं होतं. रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत डोंगराडोंगरानं जाणारी लांबलचक वाट हा त्यांचा जीव की प्राण. पण चालायची तऱ्हा पाहाल तर दोन टोकं. चांदभाईंना वाट पाठ असली तरी ते विचारायचे. म्हातारीला विचारायचे, गुराख्याला विचारायचे, मग चहा, मग पोराबाळांची चौकशी. महेंद्र लांब दगडावर बसून धुसफुसायचा.

"अरे, वाट काय डोंगराची आस्ती का?" चांदभाई म्हणायचे. "मानसांची आस्ती. इचारायला काय जातंय?"

"विचारलं की आधी नाव सांगावं लागतं."

"मंग सांगावं. मी न्हाई सांगत? चांद म्हनलं की कळतंच की कोन ते."

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर महेंद्रनं ठरवलं, या वाटेवर खुणा करायच्या. कुणाच्या दारात उभं न राहता कुणालाही चालता आलं पाहिजे. बाण धुक्यात दिसत नाहीत, म्हणून जिथं डावीकडे वळायचं तिथला आख्खा दगडच रंगवायचा. नियम एकच: रंगीत दगड दिसला की डावीकडे. कचेरीच्या फाटकाचा ऑइलपेंट उरला होता, शेंदरी.

चांदभाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "खुना मला पटत न्हाईत, ते सोड. पन शेंदरी नगं, महेंद्रा. लोक पाया पडत्याल."

महेंद्रला वाटलं, खोडा घालायला आणखी एक निमित्त. मंडळात दोन तट पडले. तरणी पोरं महेंद्रच्या बाजूनं, जुनी माणसं चांदभाईंच्या. दगड रंगले, आणि दोघं एका वाटेनं चालेनासे झाले. याचं महेंद्रला वाईट वाटायचं. चांदभाईंशिवाय डोंगर मुका झाला होता. पण तसं त्यांना जाऊन सांगेल तो महेंद्र कसला!

पुढच्या हिवाळ्यात त्याची धाकटी बहीण प्रज्ञा नगरच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन त्या वाटेनं गेली. भावाच्या खुणांवर तिचा पुरा भरवसा. वाटेत तिनं कुणाला काही विचारलं नाही. खिंडीच्या पुढं उंबराखाली शेंदरी दगड दिसला आणि पोरी डावीकडे वळल्या. ती वाट नव्हतीच, उभी घळ होती. प्रज्ञा घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. रात्र पोरींनी घळीतच काढली. सकाळी पाला तोडायला आलेल्या, जवळच्या वाडीतल्या राहीबाईनं हाका ऐकल्या आणि गड्यांना बोलावून तिला झोळीतून घरी आणलं. पोरी ठरल्या दिवशी परतल्या नाहीत तेव्हा रात्रीच नगरहून निघालेले चांदभाई वाडीवाडीला विचारत, झोळी आली तेव्हा थेट राहीबाईच्या ओट्यावर येऊन पोचले होते. महेंद्रला बातमी लागली तेव्हा बहीण नगरच्या दवाखान्यात होती.

"उंबराखाली मी दगड रंगवलेलाच नाही," तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर म्हणाला.

"तू खिंडीत रंगवला. वाडीवाल्यांनी उचलून उंबराखाली नेला. देव हाय म्हनून." चांदभाईंचा आवाज चढला. "कुनाला इचारलं असतं तर पोरगी धड राह्यली असती. तुझ्या हट्टानं मोडली ती!"

बहीण अजून धड उभी राहू शकत नव्हती. ज्याच्या घरात बापानं देव्हारा उतरवून ठेवला, त्याच्याच हातून डोंगरात एक देव वाढला होता.

सगळ्या खुणा खरवडून काढायच्या आणि उंबराखालचा दगड कोरा करून पुन्हा जागेवर ठेवायचा, असं त्यानं ठरवलं. तारेचा ब्रश घेतला. चांदभाई बोलावल्यावाचून एस.टी. स्टँडवर हजर होते. "देव हलवायचा तर वाडीला इचारावं लागंल," ते म्हणाले. "ते तुला यायचं न्हाई."

राहीबाई उंबराखालीच भेटली, दगडापुढं झाडलोट करताना. दगडाला हार होता, हळद होती. चांदभाईंना पाहून ती तोंडभर हसली. "आलात का भाऊ! तुमची पोर कशी हाय?"

"बरी हाय," चांदभाई घाईनं म्हणाले.

"कुणाची पोर?" महेंद्रनं विचारलं.

"यांची की वो. पाय मोडलेली. मी इचारलं, कोनाची हाय, तर म्हनले माजीच. मंग चुलीम्होरं निजवली, दूध पाजलं. तुमी कोन?"

महेंद्रनं चांदभाईंकडे पाहिलं. ते खाली बघत होते. विचारायला काय जातंय म्हणणारा हा माणूस! वेळ आली तेव्हा त्यानंही पोरीचं नाव झाकलंच होतं.

"मी तिचा सख्खा भाऊ," महेंद्र म्हणाला. "महेंद्र बन्सी भिंगारदिवे. तिसगावचा. आम्ही बौद्ध."

राहीबाईचा केरसुणीचा हात थांबला. तिनं एकदा चांदभाईंकडे पाहिलं, एकदा आपल्या घराकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महेंद्र पिशवीतून ब्रश काढायला खाली वाकला तशी ती मध्ये आली आणि अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली, "भाऊ, पोरीला सुखी ठेवो देव. पन तुमी लांबूनच पाया पडा. शिवू नका."

हारातून शेंदरी रंग दिसत होता. कडेला ऑइलपेंटचा एक ओघळ सुकला होता, महेंद्रच्याच हातचा.

त्यानं तारेचा ब्रश परत पिशवीत ठेवला आणि चालू लागला. चांदभाई मागोमाग निघाले. खिंडीपाशी वाटा फुटत होत्या, आणि तिथं एक गुराखी कांबळं पांघरून बसला होता. त्यानं आपण होऊन हात वर केला, "कुनीकडं निगालात, पाव्हनं?"

चांदभाई त्याच्यासमोरून मान खाली घालून गेले. त्यांनी वाट विचारली नाही.