मेथी विचारली, नात्तो राहिला

जपानमध्ये मुलाखतीला जाताना उत्तरांपेक्षा दाराची तयारी जास्त करावी लागते. तीनदा टकटक करायची, 'या' म्हटल्यावरच आत शिरायचं, परीक्षकांकडे पाठ न करता दार लावायचं, 'बसा' म्हणेपर्यंत उभं राहायचं. हे मला शिकवलं माझ्या प्राथमिक शाळेतल्या लेकीने. ग्योतोकुच्या आमच्या घरात ती आतल्या खोलीत परीक्षक होऊन बसे आणि मी चूक केली की 'मोऊ इक्काई', म्हणजे पुन्हा एकदा, म्हणून मला बाहेर काढी.

बायकोच्या आयटीतल्या नोकरीमागोमाग मी इथे आलो. त्याआधी पुण्यात औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत असे. इथली फार्मासिस्टची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालो, तेवढ्यावर न थांबता हॉस्पिटलच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज केले. वॉर्डात राहून शिकायचं, ही हौस. दोन हॉस्पिटलांनी नकार कळवला. इथे नकाराच्या पत्रात शेवटी 'आपल्या यशासाठी प्रार्थना करतो' असं लिहितात. बायको म्हणाली, "तुझ्यासाठी एवढी प्रार्थना तर तुझ्या आईनेही केली नसेल."

तिसरं हॉस्पिटल त्सुकुबाचं, त्या वर्षातलं शेवटचं. तिथेही प्रार्थनाच निघाली तर मी परीक्षेच्या वर्षांत रचायचो तसे पुन्हा ड्रगस्टोअरमध्ये टिश्यू पेपरचे गठ्ठे रचणार होतो.

बाहेर बसलेले सगळे उमेदवार नुकतेच कॉलेजातून निघालेले. चाळिशीला टेकलेल्या मला परीक्षक समजून एका मुलीने वाकून नमस्कार केला. मी तिच्याहून खाली वाकलो, ती माझ्याहून. माझं नाव पुकारलं म्हणून सुटलो.

दार उत्तम जमलं. साठीच्या आसपासच्या मुख्य फार्मासिस्ट बाई म्हणाल्या, आता मी पेशंट, रक्त पातळ ठेवायची गोळी आजच सुरू झालीय, समजावून सांगा. मी सुटलोच. हिरड्यांतून रक्त, काळेनिळे डाग, दातांच्या डॉक्टरांना आधी कळवणं, काहीच सोडलं नाही. मग खाण्यावर आलो, कारण पालेभाज्यांनी या गोळीचा जोर कमी होतो. पालक किती खाता? ब्रोकोली? भरात येऊन मी त्या जपानी बाईंना मेथीची भाजी आठवड्यातून किती वेळा होते तेही विचारलं. त्या नम्रपणे म्हणाल्या, मेथी कधी पाहिलेली नाही. मला हायसं वाटलं. वाकलो, पाठ न दाखवता बाहेर पडलो.

कॅन्टीनवरून जाताना तो वास आला. ज्या वासामुळे आम्ही सुपरमार्केटात वळसा घालून जातो, तो. नात्तो, तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन. या गोळीबरोबर तो खाल्ला की गोळीचा गुण जातो, हे इथे पेशंटच्या शेजाऱ्यालाही ठाऊक असतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. पण पेशंटचं स्वयंपाकघर म्हणून मी माझंच डोळ्यांपुढे आणलं, आणि तिथे नात्तोला मज्जाव.

एकदा बाहेर पडल्यावर परत कसं शिरायचं, हे लेकीने शिकवलं नव्हतं. मी धावत गेलो. पुढची मुलगी टकटक करायला हात उचलत होती, तिची माफी मागून मीच केली आणि 'या'ची वाट न पाहता आत घुसलो.

"आजी, नात्तो खाऊ नका."

मुख्य फार्मासिस्टना मी आजी म्हटलं होतं. बाजूचे दोघे परीक्षक टेबलाकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही खाल्लाय कधी?"

"नाही."

"मग जो रोज सकाळी खातो, त्याला सोडायला कसं लावणार?"

पाठ केलेल्या उत्तरांत हे नव्हतं. मी म्हणालो, "आज खाऊन बघतो." त्यांनी मान डोलावली आणि दाराकडे हात केला.

घरी जाताना कोन्बिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, नात्तो घेतला. बायकोने खिडक्या उघडल्या. "बाबा, आधी ढवळायचं असतं," लेक म्हणाली आणि तिनेच ढवळून दिला. शाळेत मिळणाऱ्या जेवणात ती तो केव्हापासून खाते हे त्या दिवशी कळलं. मी डोळे मिटून संपवला. तार हनुवटीवरून शर्टापर्यंत गेली.

पत्र आलं तेव्हा माझी उघडायची हिंमत होईना. बायकोने उघडून शेवटची ओळ आधी वाचली. "प्रार्थना नाहीये रे," ती म्हणाली आणि मग खाली बसली.

आता वॉर्डात पेशंटना नात्तो सोडायला मीच सांगतो. त्यांचे चेहरे उतरतात. मला आतून आनंद होतो; तो चेहऱ्यावर येऊ न देणं एवढंच शिकायचं राहिलंय.