तांब्याच्या गावातला तान्हा पोळा

लहान मुलांना घेऊन दोन-तीन वर्षं परदेशी राहायला जाणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा काळ सत्तरच्या दशकातला. माझ्या नवऱ्याला झांबियातल्या एका शाळेत गणित शिकवायची तीन वर्षांची नोकरी मिळाली. घरातली चर्चा एका जेवणात संपली.

नागपूरहून रेल्वेने मुंबई, विमानाने नैरोबीमार्गे लुसाका, पुढे बसने उत्तरेला सबंध दिवस. मुलांना बस लागली. जवळ लिंबू ठेवा. रस्ता सरळ. दोन्हीकडे एकसारखी झाडं. आमचं गाव तांब्याच्या खाणींचं. तूरडाळ एका गुजराती दुकानात मिळायची, महाग. मक्याचं पीठ स्वस्त. त्याच्या भाकरी महिन्याभरात जमतात.

बंगला मोठा होता. सकाळी सातला नवरा आणि सहा वर्षांची नीलू शाळेत जायचे. मग मी आणि दीड वर्षाचा बाळ. कुंपणापलीकडे एक वयस्क स्कॉटिश विधवा राहायची. आम्ही एकमेकींना हात करायचो. तेवढंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. लोक बैलाला ओवाळतात, मुलाच्या हातावर खाऊ ठेवतात. बैल घेऊन मूल पुढच्या दारी जातं. नीलूचा बैल तिच्या आजोबांनी कोरलेला होता. झांबियातही त्या दिवशी तिने त्याच्या शिंगांना लोकर बांधली. मी तिला शेजारी पाठवलं. बाईंना आधी काही सांगावं, हे मला सुचलंच नाही.

ती रिकाम्या हातांनी आली.

"तिनं ठेवून घेतला," ती म्हणाली. "माझी पापी घेतली अन् दार लावलं."

संध्याकाळी नवरा हसला. "मग बसली काहून? जाऊन माग ना वं."

"काय म्हणू?"

"म्हण, आमच्याकडं बैल दाखवतेत, देत नाहीत. नाहीतर मी जातो. उद्या सारी शाळा हासन, मास्तर बैल मागून राहिले म्हणून."

"दुसरा करून घेऊ," मी नीलूला म्हटलं.

"मले आबाचाच पाहिजे."

सकाळी गेले. बाईंनी आत बसवलं. बैल खिडकीत होता, त्यांच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी.

"हे गेल्यापासून या दारात कुणी काही घेऊन आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात अशी पद्धत आहे?"

मी हो म्हटलं. चहा घेतला. बाईंनी विचारलं, उद्या याल का? त्यालाही हो म्हटलं.

नीलू फाटकाशी उभी होती. तिने माझे हात पाहिले.

"मागितला का तू?"

"नाही."

"काहून?"

आठवडाभर तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली नाही. मी मात्र रोज दहाला शेजारी जाऊ लागले. तिथे असेपर्यंत गेले. बाईंनी मला लोकरीचे मोजे विणायला शिकवलं. मी त्यांना आमटी शिकवली. त्या गावात मला बोलायला तेवढं एकच माणूस होतं.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात नागपूरचं घर माणसांनी भरलं. मोठ्या नणंदेने विचारलं, "तिकडं करमलं का वं तुले?"

"करमलं," मी म्हटलं. "शेजार चांगला मिळाला."

नीलू तिथेच शेंगा सोलत होती. नऊ वर्षांची. तिने माझ्याकडे पाहिलं. मग परात उचलली आणि बाहेर जाऊन बसली.