बर्फात नेलेली नळी

वामनराव थकले होते, आणि हा थकवा काही एका रात्रीच्या झोपेनं जाणारा नव्हता. चांदूर रेल्वेला त्यांचा दीड एकर मोगरा. पहाटे कळ्या तोडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, भोवती बर्फ लावायचा आणि गाडीनं अकोल्याच्या बाजारात न्यायच्या. तीस वर्षं हेच केलं. आता तीन आठवडे झाले, ते अमरावतीच्या दवाखान्यात लेकीच्या खाटेजवळ सतरंजी टाकून पडून होते.

लेक प्रतीक्षा, बावीस वर्षांची. रक्ताचा कर्करोग. तेवढ्यानं भागलं असतं तर ठीक, पण डॉक्टरीणबाईंना आणखी एक गोष्ट खटकत होती. "काका, या बिघडलेल्या पेशी मायलॉइड जातीच्या दिसतात. पण त्यांच्या अंगावर दुसऱ्याच जातीची खूण आहे. नुसतीच खूण असेल तर औषध वेगळं, दोन्ही जातींची सरमिसळ असेल तर वेगळं. पक्कं कळल्याशिवाय सुरू कसं करू?"

वामनरावांना आपल्या परीनं कळलं. मोगऱ्याला जाईचं पान फुटलंय, आणि झाड कोणतं ते ठरल्याशिवाय फवारणी करता येत नाही.

ठरवायचं म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढायचा. पोरीनं खाटेचा गज धरला आणि ओठ चावून रक्त काढलं. मगजाची नळी अकोल्याच्या लॅबमध्ये न्यायची होती. वॉर्डातला माणूस म्हणाला, "उन्हापासून जपा, सांजच्या आत पोचवा." बास, एवढंच.

आता उन्हापासून जपणं वामनरावांना कोण शिकवणार? बडनेऱ्याला उतरून त्यांनी बर्फ घेतला, नळीला ओलं फडकं गुंडाळलं, नळी सोबतच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून चारी बाजूंनी बर्फ ठासला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना जमणारं काम हाती आलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी दोनदा झाकण उघडून बर्फ वरखाली केला, अगदी मोगऱ्यासारखा. थोडं बरंही वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या लॅबमध्ये रागिणी नावाच्या मुलीनं नळी आत नेली. तासाभरानं ती बाहेर आली ती मान खाली घालूनच.

"काका, बर्फात कावून ठेवली?"

"ऊन हाय न बाई, पंचेचाळीस डिग्रीचं."

"बर्फ लागला की पेशी फुटतात, काका. साध्या थंडाव्यात आणायची असते. यात आता काहीच दिसत नाही. पुन्हा काढावं लागेल."

पुन्हा म्हणजे पुन्हा तीच सुई. वामनराव परतीच्या गाडीत दाराशी उभे राहिले, जागा असून बसले नाहीत. कोणी सांगितलं नाही म्हणावं, तर आपण तरी कुठं विचारलं?

प्रतीक्षाला त्यांनी सरळ सांगितलं. ती म्हणाली, "मी असती तं मीबी बर्फच लावला असता, आबा."

त्यापेक्षा ती चिडली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुई घालताना तिनं गज नाही धरला, बापाचं मनगट धरलं. वळ संध्याकाळपर्यंत राहिले. वामनराव जन्मात पहिल्यांदा एसीच्या डब्यात बसले, नळीचा डबा बर्फाशिवाय मांडीवर धरून, अकोल्यापर्यंत हलले नाहीत. रागिणीनं या वेळी आतूनच हात हलवून सांगितलं, पेशी चांगल्या आल्या म्हणून.

चार दिवसांनी उत्तर आलं. पेशी मायलॉइडच, दुसऱ्या जातीची नुसती खूण. औषध सुरू झालं. "अशा खुणेचा आजार कधीकधी हट्टी असतो, लक्ष ठेवू," एवढं डॉक्टरीणबाईंनी जोडलं. वामनरावांनी मान डोलावली. घाबरायलाही अंगात जोर लागतो.

पंधरवड्यानं बायकोला दवाखान्यात बसवून ते शेतावर गेले. पहाटे कळ्या तोडल्या, फडक्यात गुंडाळल्या. बर्फाची लादी समोर पडली होती. हात काही तिकडे गेला नाही. अकोल्याला पोचेपर्यंत अर्ध्या कळ्या तपकिरी पडल्या होत्या.

"वामनराव, बर्फ कावून नाई लावला?" व्यापाऱ्यानं फडकं उलगडत विचारलं.

"लेकीले दोनदा टोचलं त्याच्यापायी," वामनराव म्हणाले, आणि खराब कळ्या स्वतःच निवडायला बसले.