ट्रॉलीची वाट

वंटमुरी घाटाच्या उतारावर माझ्या पाठीत कुणीतरी मागून जोरात थाप मारली. मोटारसायकलवर दोघं होते. मागे बसलेल्यानं जाता जाता हात चालवला आणि दोघंही हसत पुढं निघून गेले. सामान लादलेली सायकल एकदा कलली की सावरत नाही. मी कडेच्या खडीवर घसरत गेले, गुडघा सोलला, कोपरात खडे रुतले आणि एक ट्रक हॉर्न वाजवत माझ्या डोक्याच्या अगदी जवळून गेला.

मी बेळगावात कॉलेजात शिकवते. पन्नाशी जवळ आली आहे. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की तंबू, स्टोव्ह आणि दोन कपडे सायकलला बांधून चार-पाच दिवस एकटीच निघते. नवरा टायरमध्ये हवा भरून देतो आणि झोपणार कुठं ते विचारत नाही, कारण उत्तर त्याला आवडत नाही. त्या खेपेला पहिला मुक्काम निपाणीच्या अलीकडं करायचा आणि पुढं राधानगरीच्या जंगलाकडं वळायचं, असं ठरवलं होतं.

बाटलीतल्या पाण्यानं गुडघा धुतला. दुखत होतंच, पण त्याहून जास्त राग आला होता. संकेश्वरपर्यंत पेडल मारताना मी त्या पोराला मनातल्या मनात गाडीवरून ओढून खाली पाडत होते, त्याचं डोकं रस्त्यावर आपटत होते. चहाला थांबले तेव्हाही हॉटेलसमोर थांबणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलकडं बघत होते. इतका राग आपल्यात मावतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी हायवे सोडून आत वळले. त्या गावाचं नाव लिहीत नाही. रस्त्याला लागून तंबाखू उभी होती आणि तिच्या मागं ऊस. उसाला तोड लागली होती. शेतातच एक घर होतं आणि अंगणात माझ्याच वयाची एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. एका रात्रीपुरता तंबू लावू का, असं विचारलं. तिनं आधी माझा गुडघा बघितला, मग आत जाऊन हळद आणली. कुठली, कुणाची, एकटी का, यातलं काही विचारलं नाही. मी तिला आक्का म्हणू लागले.

चहा ओतता ओतता तिनंच सांगितलं. वाटणीत पुढचं रान धाकट्या दिराला गेलं आणि मागचं यांना. उसाची ट्रॉली बाहेर काढायची तर दिराच्या तंबाखूच्या कडेनंच काढावी लागते. गेल्या साली चाकाखाली तंबाखूच्या काही सऱ्या चिरडल्या, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. विहीर अजून एकच होती, पण दोन्ही घरच्या बायका एकमेकींना टाळून पाण्याला जात. हे सगळं तिनं रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. आज त्यांचाच ऊस निघत होता आणि नवरा रानात होता.

गोठ्याच्या बाजूला मी तंबू उभा केला. सायकल विजेच्या खांबाला लावावी म्हणून कुलपाची जाड साखळी काढली, तेवढ्यात रानातून ओरडण्याचा आवाज आला. आक्का धावली. तिच्यामागं मीही गेले, साखळी हातातच राहिली.

भरलेली ट्रॉली वाटेवर उभी होती. पुढं धाकट्या दिरानं मोठाले दगड आडवे टाकले होते आणि तो स्वतः त्यांच्यावर बसला होता. थोरला, म्हणजे आक्काचा नवरा, ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी होता, तो खाली उतरला. दोघांचं काय बोलणं झालं ते मला तुटक तुटकच ऐकू आलं. मेलेला बाप काढला गेला, आजारपणात आईचं कुणी केलं ते निघालं. मग धाकटा उठला आणि त्यानं हातातला दगड फेकला. तो थोरल्याच्या कानशिलावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. थोरल्यानं हातानं ते पुसलं, शेजारी उभ्या असलेल्या ऊसतोडीच्या बाईच्या हातातून कोयता हिसकावला आणि चालत धाकट्याकडं गेला. तो पळत गेला नाही, हे मला अजून आठवतं.

कुणी त्याला धरलं नाही. ऊसतोडीची टोळी परमुलखातली होती. ती माणसं आपापली पोरं मागं ओढून बांधावर सरकली. ड्रायव्हर चालू ट्रॅक्टरवर बसून राहिला.

पहिला घाव धाकट्याच्या दंडावर पडला. माणूस तोडल्याचा आवाज वेगळा असेल असं मला उगाच वाटत आलं होतं. तो ऊस तोडल्यासारखाच आला. धाकटा पाठीवर तंबाखूत पडला आणि थोरल्यानं पुन्हा कोयता उचलला. या वेळी त्याची नजर मानेवर होती.

मी पळत कधी गेले ते आठवत नाही. थांबा म्हणाले नाही, ओरडलेही नाही. साखळी दोन्ही हातांनी फिरवली आणि त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. कोयता पडला. मी आणखी एकदा मारलं, खांद्यावर. त्या घावाची गरज उरली नव्हती, पण त्या क्षणी माझ्यासमोर हा शेतकरी नव्हताच, घाटातला तो हसणारा पोरगा होता. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा आक्कानं मागून माझ्या कमरेला मिठी घातली.

"बास गं बाई," ती म्हणाली. "कोयता पडलाय."

धाकट्याच्या दंडातून रक्त उसळत होतं. मी धावत जाऊन सायकलच्या पिशवीतली जादा ट्यूब आणली, जखमेच्या वर आवळून बांधली आणि उसाचं कांडं घालून पीळ दिला. ट्रेकिंगच्या शिबिरात हे कधीतरी शिकले होते, पण माणसावर कधी केलं नव्हतं. धाकट्याची बायको पळत आली आणि नवऱ्याला बघून किंचाळायला लागली. तिच्याशी वर्षभर न बोललेल्या आक्कानं तिच्या एक थोबाडीत दिली.

"नंतर रड. आधी पाय धर त्याचं."

दोघींनी मिळून त्याला उचललं.

गावातून मालाचा एक टेम्पो मिळाला. दुसरी गाडी नव्हती, त्यामुळं दोघा भावांना एकाच हौद्यात घातलं. धाकटा आडवा, त्याच्या डोक्याशी थोरला, सुजलेलं मनगट पोटाशी धरून. मी कांडं धरून बसले होते. थोरल्याच्या कानशिलातलं रक्त वाळून डोळा मिटला होता. त्यानं मला विचारलं, "जगंल न्हवं त्यो?"

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. धाकट्यानं डोळे उघडले आणि भावाला आईवरून शिवी दिली.

"दे, शिव्या दे," थोरला म्हणाला. "पर झोपू नगोस."

निपाणीपर्यंत धाकटा त्याला शिव्या देत होता आणि आवाज बारीक झाला की थोरला त्याला हलवून पुन्हा बोलतं करत होता. हौद्यात रक्ताचा आणि तंबाखूचा वास भरला होता.

दवाखान्यात दोघांना आत नेलं, धाकट्याला पुढं बेळगावला हलवलं. हवालदार कन्नडमधून विचारत होते आणि मी मराठीतून सांगत होते. ते आम्हा दोघांच्याही अंगवळणी पडलेलं आहे. माझे दोन्ही घाव मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, साखळीवरचे रक्ताचे डाग बघितले आणि ती पुराव्यासाठी ठेवून घेतली.

ऊन उतरत असताना त्याच टेम्पोनं मी सायकल घ्यायला परत आले. आक्कानं माझा तंबू काढून ठेवला होता, काठ्या आणि कापड एकत्र गुंडाळून, दोरीनं बांधून. ती उंबऱ्यावर बसली होती आणि उठली नाही.

"माझ्या मालकाचा हात मोडलास," ती म्हणाली. "मोडलास म्हणून दीर वाचला, कळतंय मला. पर आज माझ्या अंगणात झोपू नगोस. मला तुझ्याकडं बघवत न्हाय."

बरं, म्हणाले. सामान बांधून होईपर्यंत ती तिथंच होती. मी निघाले तेव्हा पाठीमागून तिचा रडण्याचा आवाज आला, पण मी वळून बघितलं नाही. बघितलेलं तिला नको होतं.

राधानगरीला गेलेच नाही. रात्र निपाणीच्या लॉजवर काढली आणि सकाळी सायकल एसटीच्या टपावर टाकून घरी आले. गुडघ्याचं सांगितलं तेव्हा नवरा मोटारसायकलवाल्यांवर खूप चिडला. बाकीचं मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, दोन दिवसांनी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले.

धाकटा वाचला. त्याची दोन बोटं मिटत नाहीत. थोरल्याचं मनगट वाकडं जुळलं. खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावणं आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मी दिसताच थोरला उठून माझ्याकडं आला. मी घाबरले, पण तो हात जोडून उभा राहिला, जुळले तेवढे.

"धाकट्यानं आत सांगितलंय की त्यो कोयत्यावर पडला, मी मारलाच न्हाय," तो म्हणाला. "तुमी खरं काय ते सांगा बाई. माझ्यासाठी खोटं बोलतोय त्यो. पर माझ्याशी अजून बोलत न्हाय."

मी धाकट्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. दोन न मिटणारी बोटं मांडीवर होती आणि दुसऱ्या हातानं तो ती चोळत होता.

माझं नाव पुकारलं. मी आत गेले आणि पाहिलं तसं सांगितलं.