कच्चा माल

"बाबा, हसू नका. मेंढरू जरा वर धरा."

सर म्हणाले. माझ्या बापाला, आबांना. जालन्यातल्या आमच्या कॉलेजसमोर, भर उन्हात.

आबांनी मेंढरू छातीशी उचललं. ते पाय झाडत होतं. आमचं संशोधन बघायला बाहेरून आलेले पाहुणे सावलीत उभे होते. सरांनी मोबाईलवर फोटो काढला. मंग सगळे वर सेमिनार हॉलकडं निघाले. मागोमाग आबाही निघाले. त्यांना बोलावणं होतं. वडिलांना घेऊन ये, पाहुण्यांशी भेट घालून देतो, असं सरांनीच मला सांगितलं होतं. म्हणून ते केदारखेड्याहून नवं पागोटं बांधून आल्ते. मेंढरू टेम्पोत घालून आणलं होतं.

सर पायरीवर थांबले. शिपायाला म्हणाले, "त्यांना खालीच बसव. वर एसी आहे, वास कोंडतो."

हळूच म्हणाले. पण मी शेजारी होते. आबाही लांब नव्हते. त्यांनी उचललेला पाय मागं घेतला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

मी वर गेले. राग आला न्हाई. रडू आलं न्हाई. जिन्याचा कठडा हाताला गार लागला, एवढंच आठवतं.

आम्ही धनगर. आमच्याकडची लोकर जाडीभरडी. आता तिला कुणी विचारीत न्हाई. कातरून बांधावर टाकून देतात. माझा चुलतभाऊ इथल्या एका स्टीलच्या कारखान्यात भाजला, तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. पट्टी बदलताना पट्टीसंगं कातडी निघायची. तो ओरडायचा न्हाई, दात आवळून छताकडं बघायचा. पुढं संशोधनाला लागले तेव्हा वाचलं की लोकरीतल्या प्रथिनापासून जखमेवर लावायचा पातळ पापुद्रा बनवता येतो. मी सरांकडं गेले. विषय त्यांना आवडला, ते माझे गाईड झाले.

लोकर धुवायची, तिच्यातलं तेल काढायचं, रसायनात विरघळवायची, गाळायची, वाळवायची. सडक्या अंड्यासारखा वास उठतो. पापुद्रा हाती यायचा आणि उचलताना फाटायचा. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदा तो अख्खा निघाला. मशीनमध्ये ताणून बघितला तर टिकला. त्या दिवशी मी आबांना फोन केल्ता. ते म्हणाले, आपल्या लोकरीचं औषध झालं म्हण की. मी म्हणलं, अजून न्हाई, अजून डॉक्टरांनी तपासायचंय.

हॉलमध्ये सर बोलायला उभे राहिले. मी भिंतीला टेकून उभी. अंगात पांढरा कोट. पडद्यावर मघाचा फोटो आला. मेंढरू होतं. मेंढराभोवती आबांचे हात होते. मान न्हाई, तोंड न्हाई, पागोटं न्हाई. गळ्याच्या वरचं सगळं कापलेलं. खाली इंग्रजीत लिहिलेलं, कच्चा माल.

सर माझ्याकडं हात करून म्हणाले की ही आमची विद्यार्थिनी, मेंढरांतच वाढलेली, त्यामुळं हिला प्रयोगशाळेतल्या वासाचा त्रास होत नाही, तेवढा आमचा फायदा. लोक हसले. वाईट हसले असं न्हाई. चहाच्या आधी हसतात तसं हसले.

मंग सर मला म्हणाले, "जा, चहाचं बघ."

मी जागची हलले न्हाई. "सर, फोटोतलं तोंड कुठंय?"

"आत्ता नको."

"तो कच्चा माल न्हाई. माझा बाप हाय."

कॉलेजात मी पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशी घरची बोली निघाली. सरांनी पुढचं चित्र लावलं. माझ्या चाचणीचा आलेख. मी पुढं गेले आणि प्रोजेक्टरची वायर ओढून काढली. पडदा पांढरा झाला. मी पाहुण्यांना म्हणलं, हे काम मी केलंय, विचारायचं ते मला विचारा.

पाहुण्यांत एक डॉक्टरीण बाई होत्या, त्या समोरच्या कागदाकडं बघत बसल्या. सर म्हणाले, बाहेर हो.

खाली आबा सायकल स्टँडजवळ उकिडवे बसले होते. मेंढरू बांधलेलं. शिपायानं दिलेलं पाणी त्यांनी मेंढरालाच पाजलं होतं.

"झालं का?"

"झालं."

"शिकलेली माणसं हायेत, बाई. येतच असंल आपला वास."

सरांच्या बोलण्यानं जे झालं न्हाई ते इथं झालं. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. त्यांनी ते खरं मानलं होतं. कुणी सांगितलं असंल त्यांना, किती वेळा, कुठल्या कुठल्या दारात, ते मी कधी विचारलं न्हाई.

"आबा," मी म्हणलं, "हे पुन्हा तोंडातून काढू नका."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून न्हाई. मी दमलेली दिसले म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून प्रयोगशाळेची चावी काढून घेतली. सरांनी निरोप धाडला की पाहुण्यांसमोर गैरवर्तन केलं असं लिहून दे, माफी माग, मंग पुढचं बघू. माय म्हणाली, दोन ओळी लिहायला काय जातं. मी लिहून दिलं न्हाई. उलट विद्यापीठाकडं सरांची तक्रार केली आणि गाईड बदलून मागितला. संगं काम करणाऱ्या पोरी रस्त्यात भेटल्या तर घाईत असतात. मी तयार केलेले पापुद्रे आतच राहिले. जपले असतील, फेकले असतील. ठावं न्हाई.

आता तक्रार ऐकायला समितीनं बोलावलंय. सरही असतील. मी जाणार. पापुद्रा पुन्हा बनवता येतो, मला येतो, इथं न्हाई तर दुसऱ्या विद्यापीठात बनवीन. लोकर धुण्यापासून सुरू करीन. जितकी वर्षं जायची तितकी जाऊ द्या.

ते विचारतील, माफी मागतेस का.

न्हाई.