चौथ्या भागातली भट्टी

शेजारच्या गाळ्यातल्या बांगड्यावाल्या मावशीने मला फसवलं. भर दुपारी, माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून फसवलं. मला भावात फसवणारा इतवारी बाजारात अजून जन्मायचा आहे, म्हणून हे जास्त लागतं.

तुमच्यापैकी कुणी तिच्याकडे बांगड्या भरल्या असतील तर आठवेल. ती पंजा दाबायची आणि "हात सैल सोड वं" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. माझी गिऱ्हाइकाशी जुंपली की पलीकडून तोच आवाज यायचा, "हात सैल सोड गा भाऊ. मूठ काहून आवळून राहिला?"

माझं दुकान तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. सावनेरहून रिकाम्या हाताने येऊन उभं केलेलं. पण वाचता येत नव्हतं. दुपारी बाजार थंडावला की मावशी वाचनालयातून आणलेली एका किमयागाराची चित्रकथा वाचायची. ऐकायला मी आणि समोरचा शिंपी. किमयागार तांब्याचं सोनं करायचा आणि मी चिडायचो.

"एवढ्याशा तांब्यात एवढं सोनं? कोण देते?"

"तुले विकत घ्याचं आहे काय? चूप बस अन् ऐक."

पान संपलं की पुस्तक फिरवून आम्हाला चित्र दाखवायची.

तिसऱ्या भागाच्या शेवटी किमयागाराची मुलगी शापाने तांब्याची झाली. चौथा भाग यायच्या आतच माझी पोर धंतोलीच्या दवाखान्यात पडली. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, हमी देता येत नाही. बिनहमीचा माल मी कधी घेतला नव्हता. कागदावर अंगठा द्यायला नकार दिला, बायकोला पोरीजवळ ठेवलं आणि दुकानात येऊन बसलो. मावशीला आणि शिंप्याला तेवढं सांगितलं.

त्याच दुपारी मावशीने चौथा भाग आणला. मुलगी परत हवी तर तिला पेटत्या भट्टीत ठेवायचं, असं त्यात होतं. बाप घाबरलेला.

"ठेवू नको बे!" मी ओरडलो.

मावशी पुढच्या पानाकडे पाहत राहिली. मग वाचू लागली. बापाने डोळे मिटून मुलीला भट्टीत ठेवलं, तांबं गळून पडलं आणि मुलगी हसत बाहेर आली.

"चित्र दाखव."

"छपाई बिघडली आहे. तू जा दवाखान्यात."

मी गेलो. अंगठा दिला.

पोर वाचली. पुढे तिनेच मला अक्षरं शिकवली. कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानात तिला तो चौथा भाग सापडला.

"बाबा, यात तर मुलगी वितळून जाते."

चित्र स्वच्छ छापलेलं होतं. विझलेल्या भट्टीपुढे बाप एकटा.

मावशीला जाऊन तोवर दोन पावसाळे झाले होते. तिच्या गाळ्यात घड्याळांचं दुकान आलं होतं. मी शिंप्याला गाठलं.

"तुले माहीत होतं?"

"त्या दिवशी तिच्या मागंच बसलो होतो ना. पान दिसे मले."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुह्या पोरीसाठीच तसं वाचून राहिली होती गा. ऑपरेशनच्या दिवशी तिनं गाळा उघडलाच नाही. माझ्या मशीनमागं बसून राहिली. पाणीही घेतलं नाही."

पोरीच्या लग्नात चुडा भरायला मावशी नव्हती. लेक जगली, संसाराला लागली. तिचं हसणं कानावर आलं की मी मनातल्या मनात मावशीला हात जोडतो. पण राग जात नाही. पोर ऑपरेशनच्या टेबलावरच गेली असती तर मी त्या बाईचं काय केलं असतं, हे तिला ठाऊक होतं. माझा तापट स्वभाव तिने रोज पाहिला होता. तरी तिने ते पान तसं वाचलं.

मी पोरीचा बाप. तिच्या मरणाची जोखीम माझी होती. मला न विचारता ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा मावशीला काय अधिकार होता? ती गेली. शिंप्या, तू आहेस. तू सांग.