शकूबाईंच्या मांजरांची सोय

लातूरहून शकूबाईंच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, बाईंच्याच स्वयंपाकघरात भातात सुकट कालवत होते. "मावशी गेली, काकू. आत्ताच..." एवढंच ती बोलली. मी फोन ओट्यावर ठेवला आणि भात कालवून पुरा केला. चारही मांजरं पायांत घोटाळत होती, त्यांना थांबवून काय उपयोग? रडू दुसऱ्या दिवशी आलं. त्याला आता दीड महिना होईल.

बाई आमच्या शेजारच्या. हिमायतनगरकडच्या शाळांत उभा जन्म शिकवून रिटायर झाल्या आणि आमच्या गल्लीत दोन खोल्या बांधून राहिल्या. लग्न केलं नव्हतं. मांजरं मात्र एकेक करून आपणहून येत गेली... राणी, काळी, लंगडी आणि भुऱ्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे बरीच वर्षं आमचं बोलणं कुंपणावरूनच चालायचं.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. लातूरला महिना-दीड महिना राहून रेडिएशनचा शेक घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाची तिथंच राहते, म्हणजे राहण्याची अडचण नव्हती. तरी बाई तीन आठवडे जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "वैनी, मागं देगलूरला लग्नाला गेले तवा एकाजवळ किल्ली दिली होती. त्यानं चार दिवसांचं खाणं एकदाच ओतलं अन् पुन्हा फिरकला न्हाई. पाण्याचं भांडं पालथं पडलेलं. एक पिल्लू गेलं माझं. आता कोणावर टाकून न्हाई जायची मी."

"माझ्यावर टाका," मी म्हणून गेले. रागाच्या भरात म्हणाले, हे खरं.

मग आठ दिवस त्यांनी मला शिकवलं. काळीची गोळी कशी मोडायची, राणीची ताटली वेगळी का ठेवायची. लंगडीजवळ नुसतं बसायचं, माणूस शेजारी असल्याशिवाय ती तोंड लावत नाही. "किती वेळ बसायचं?" मी विचारलं. "ती खाईस्तोवर," बाई म्हणाल्या. सगळं माझ्या हातून करवून घेतलं आणि मगच लातूरची गाडी धरली.

दोन वेळा जाऊन बसायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. हाताचा सुकटीचा वास जाईना. आमचे हे जेवताना पाट जरा लांब सरकवून बसायचे. आणि तिसऱ्या आठवड्यात भुऱ्या नाहीसा झाला. दोन दिवस शोधला. फोनवर मात्र "चारही बरी आहेत" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हिडिओ कॉल केला, म्हणाल्या, भुऱ्याला दाखवा. गच्चीवर गेलाय, मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार, शेकाला सुट्टी. अकराच्या सुमारास दारात ऑटो थांबला आणि बाई उतरल्या. मान भाजून काळी पडलेली, आवाज पार बसलेला. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "रागवायला न्हाई आले, वैनी. तुमी एकट्याच हिंडून राहिल्या असाल, म्हणून आले."

त्यांना हाक मारता येत नव्हती. त्या ताटलीवर चमचा वाजवायच्या, हाका मी मारायचे. असं करत दुपार झाली. मागच्या अर्धवट बांधकामाच्या कोरड्या हौदात भुऱ्या सापडला, हाडं वर आलेला. साठीच्या वयात मी त्या हौदात उतरले. बाई काठावर वाळूत बसून राहिल्या, भुऱ्याला मांडीवर घेतला आणि संध्याकाळच्या आत परत लातूरची गाडी धरली. त्या हेलपाट्यानं त्यांचं किती बिघडलं, मला माहीत नाही. भाची कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

नंतर चार महिने बरे गेले. मग गाठ पुन्हा वर आली. या वेळी त्यांनी काहीच शिकवलं नाही. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि मागं न बघता ऑटोत बसल्या.

बाईंच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकल्यावर भाची नांदेडला आली. मांजरं मी नेते, म्हणाली. ह्याच शब्दांची मी कितीतरी दिवस वाट बघत होते. थकून गेले होते मी. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि ही सगळी मातीत लोळणारी. "राहू दे," माझ्या तोंडून निघालं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घर सध्या आहे तसंच ठेवू म्हणाली.

आता सकाळ-संध्याकाळ मी तिथंच असते. लंगडीचं होईपर्यंत बसते, कधी त्यानंतरही बसून राहते... उठवत नाही. हे कुंपणापलीकडून हाक मारतात. परवा मात्र त्यांनी हाक मारली नाही. चहाचे दोन कप घेऊन स्वतःच आले. बाईंच्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. खोलीत एकच खुर्ची, आणि तिच्यावर काळी झोपलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून हळूच फरशीवर बसले आणि एक कप माझ्याकडे सरकवला.